पोस्टग्रेसला कर्बेरॉस जोडताना: पासवर्डाऐवजी तिकिटावर लॉगिन

पोस्टग्रेस या डेटाबेसला कर्बेरॉस, म्हणजे पासवर्डाऐवजी तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत, जोडण्याचं काम तसं छोटं आहे. चार-पाच फाइली, दहाबारा कमांड. तरी नवखी माणसं त्यात दोन-दोन दिवस अडकतात, आणि बहुतेक वेळा गाडी नावावर अडलेली असते. क्लायंट सर्व्हरला ज्या नावाने हाक मारतो, केडीसीत (तिकिटं देणाऱ्या सर्व्हरवर) ज्या नावाची नोंद आहे आणि सर्व्हरच्या कीटॅबमध्ये (किल्ल्यांच्या फाइलीत) जे नाव आहे, ती तिन्ही अक्षरन् अक्षर सारखी लागतात. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी आखूड नाव असलं की संपलं. म्हणून या लेखात कमांडपेक्षा नावांवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी एक सूचना. कमांड, फाइली आणि सेटिंग यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात आणि कर्बेरॉसला मात्र त्यांचा फार सोस आहे, तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: @ या चिन्हानंतर येणारं रेल्मचं (केडीसीच्या अखत्यारीतल्या क्षेत्राचं) नाव नेहमी कॅपिटलमध्ये, बाकी जवळपास सगळं लहान अक्षरांत. अपवाद: पीएसक्यूएलचं '-यू', कीटॅबच्या पत्त्याआधीचं 'फाइल:' आणि केआरबी5_ट्रेस सारखी एनव्हायर्नमेंट चलं, तीही कॅपिटलमध्ये.

उदाहरणासाठी तीन यंत्रं धरू. तिकिटं देणारं केडीसी1.एक्झाम्पल.कॉम, डेटाबेसचं डीबी1.एक्झाम्पल.कॉम आणि वापरणाऱ्याचा एक लॅपटॉप. वापरणारी आशा.

तिकीट कसं फिरतं

कर्बेरॉस एमआयटीच्या अथीना प्रकल्पात 1980च्या दशकात तयार झालं. आज वापरात असलेली पाचवी आवृत्ती 2005 च्या आरएफसी 4120 मध्ये लिहिलेली आहे. त्यातला व्यवहार तीन टप्प्यांचा. आशा सकाळी केइनिट चालवते, पासवर्ड देते आणि केडीसीकडून तिला एक मूळ तिकीट मिळतं, त्याला टीजीटी म्हणतात. हा पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही, त्यापासून बनलेली किल्ली फक्त तिच्या यंत्रावर वापरली जाते. पुढे ती डेटाबेसला जोडू लागली की तिचा क्लायंट ते मूळ तिकीट केडीसीला दाखवून 'पोस्टग्रेस, डीबी1' या सेवेसाठी वेगळं तिकीट मागतो. हे दुसरं तिकीट पोस्टग्रेसच्या किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं. तिसऱ्या टप्प्यात ते पोस्टग्रेसपुढे येतं, पोस्टग्रेस आपल्या कीटॅबमधल्या किल्लीने ते उघडतं आणि आत 'आशा' हे नाव वाचतं.

या सगळ्यात पोस्टग्रेस केडीसीशी एक शब्दही बोलत नाही, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. त्याला फक्त कीटॅब लागतो. त्यामुळे 'डीबी1 वरून केडीसीचं पोर्ट बंद आहे म्हणून लॉगिन होत नाही' हा निदानाचा पहिला अंदाज जवळपास नेहमी चुकतो. पोर्ट उघडं हवं ते क्लायंटच्या यंत्रावरून: 88, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. पासवर्ड बदलायला 464 आणि दुरून केअ‍ॅडमिन (केडीसीच्या प्रशासनाची कमांड) चालवायला 749.

दुसरी गोष्ट. कर्बेरॉस फक्त 'ही आशाच आहे' एवढंच सांगतं. आशाने कोणती टेबलं पाहावीत हे पोस्टग्रेसमधल्या रोल (खातं) आणि ग्रँट (अधिकार) यांवरच ठरतं. तिकीट आलं म्हणून रोल आपोआप तयार होत नाही, तो हाताने करावा लागतो.

नावं आधी पक्की करा

डीबी1 वर 'होस्टनेम -एफ' चालवा. उत्तर डीबी1.एक्झाम्पल.कॉम असं पूर्ण आलं पाहिजे. नुसतं डीबी1 आलं तर पुढे जाऊ नका. डेबियन आणि उबुंटूवर याचं कारण बहुतेकदा /ईटीसी/होस्ट्स या फाइलीत सापडतं. तिथे 127.0.1.1 ने सुरू होणारी ओळ असते आणि तिच्यात आधी आखूड नाव, मग पूर्ण नाव लिहिलेलं असतं. आयपीनंतर येणारं पहिलं नाव हेच यंत्राचं 'खरं' नाव धरलं जातं, बाकीची टोपणनावं. क्रम उलटा करा, पूर्ण नाव आधी. एवढ्याशा अदलाबदलीने सुटलेली प्रकरणं पुष्कळ आहेत.

मग लॅपटॉपवरून डीबी1.एक्झाम्पल.कॉम चा पत्ता नीट मिळतो का ते बघा. उलटा शोध, म्हणजे आयपीवरून नाव, हा आणखी एक सापळा. एमआयटीचं कर्बेरॉस मुळात होस्टनेमचा आयपी काढतं, त्या आयपीचं उलटं नाव शोधतं आणि जे मिळेल त्या नावाचं तिकीट मागतं. उलट्या शोधात कोणीतरी कधीकाळी घातलेलं जुनं नाव निघालं, तर क्लायंट भलत्याच नावाचं तिकीट मागत बसतो. यावर उपाय सगळ्या यंत्रांच्या /ईटीसी/केआरबी5.कॉन्फ मध्ये:

[लिबडिफॉल्ट्स]
डिफॉल्ट_रेल्म = एक्झाम्पल.कॉम
आरडीएनएस = फॉल्स
डीएनएस_कॅनॉनिकलाइझ_होस्टनेम = फॉल्स
तिकिट_लाइफटाइम = 10एच
रिन्यू_लाइफटाइम = 7डी

[रेल्म्स]
एक्झाम्पल.कॉम = {
केडीसी = केडीसी1.एक्झाम्पल.कॉम
अ‍ॅडमिन_सर्व्हर = केडीसी1.एक्झाम्पल.कॉम
}

[डोमेन_रेल्म]
.एक्झाम्पल.कॉम = एक्झाम्पल.कॉम

डिफॉल्ट_रेल्मच्या उजवीकडचं, रेल्म्सखालचं आणि शेवटच्या ओळीत उजवीकडचं नाव कॅपिटलमध्ये. शेवटच्या ओळीतला डावीकडचा टिंब विसरू नका. टिंब असला की त्या डोमेनखालची सगळी यंत्रं त्यात येतात.

वरच्या दोन 'फॉल्स'चा अर्थ असा की क्लायंट आता तुम्ही टाइप केलेलं नाव जसंच्या तसं वापरेल. म्हणजे जबाबदारी तुमच्याकडे आली. जोडताना कायम पूर्ण नाव लिहायचं, आखूड नाव नाही, आयपी तर नाहीच. डेटाबेसला डीएनएसमधल्या सीनेम नोंदीने दिलेलं टोपणनाव असेल, समजा विक्री-डीबी.एक्झाम्पल.कॉम, आणि लोक तेच वापरत असतील, तर त्या नावाचाही प्रिन्सिपल (केडीसीतली नोंद) करून त्याच कीटॅबमध्ये घालावा लागेल. पोस्टग्रेस कीटॅबमध्ये असलेल्या कोणत्याही नावाचं तिकीट स्वीकारतं, त्यामुळे यात अडचण काही नाही.

घड्याळं

यंत्रांच्या घड्याळात 5 मिनिटांपेक्षा, म्हणजे 300 सेकंदांपेक्षा, जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. तिन्ही यंत्रांवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू करा आणि 'क्रोनिक ट्रॅकिंग' ने फरक बघा. झोपवून उठवलेल्या व्हर्च्युअल यंत्रांवर खास लक्ष ठेवा. टाइमझोन वेगळा असला तर बिघडत नाही, आतला वेळ यूटीसीत धरला जातो.

केडीसी

तुमच्या संस्थेत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा फ्रीआयपीए आधीच चालू असेल तर नवा केडीसी उभारू नका, तो तिथे आहेच. फ्रीआयपीएमध्ये 'आयपीए सर्व्हिस-अ‍ॅड' ने सेवा नोंदवायची आणि 'आयपीए-गेटकीटॅब' ने कीटॅब काढायचा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत सेवेसाठी एक स्वतंत्र खातं करायचं, त्यावर एईएस 256 चालतं ही खूण टिकमार्क करायची आणि 'केटीपास' ने कीटॅब बनवायचा. ती खूण राहिली तर जुन्या आरसी4 प्रकारचं तिकीट निघू शकतं, कीटॅबमध्ये मात्र एईएसची किल्ली, आणि दोघांची गाठच पडत नाही.

नव्याने उभारायचा असेल तर डेबियन आणि उबुंटूवर केआरबी5-केडीसी आणि केआरबी5-अ‍ॅडमिन-सर्व्हर ही दोन पॅकेजं टाकून 'केआरबी5_न्यूरेल्म' चालवा. रेड हॅट घराण्यात पॅकेज केआरबी5-सर्व्हर, आणि कमांड:

केडीबी5_युटिल क्रिएट -एस

यात विचारला जाणारा पासवर्ड हा मास्टर किल्लीचा. तो कागदावर लिहून कुलपात ठेवा. '-एस' मुळे ती किल्ली स्टॅश फाइलीत जाते आणि केडीसी रीस्टार्ट झाला की कोणी पासवर्ड द्यायला हजर असावं लागत नाही. केडीसी स्वतंत्र यंत्रावरच ठेवावा. त्याच यंत्रावर वेबसाइट, गिट, चार कंटेनर असं काही चालू असेल तर सगळ्यांच्या किल्ल्या एका उघड्या दाराच्या घरात ठेवल्यासारखं होतं.

मग केअ‍ॅडम5.एसीएल मध्ये प्रशासकांसाठी एक ओळ (*/अ‍ॅडमिन@एक्झाम्पल.कॉम आणि पुढे *), आणि केडीसीवरच केअ‍ॅडमिन.लोकल उघडून:

अ‍ॅडप्रिंक आशा

प्रिन्सिपल आणि कीटॅब

आता सगळ्यात नाजूक भाग. केअ‍ॅडमिन.लोकल मध्येच:

अ‍ॅडप्रिंक -रँडकी पोस्टग्रेस/डीबी1.एक्झाम्पल.कॉम
केटीअ‍ॅड -के /रूट/डीबी1.कीटॅब पोस्टग्रेस/डीबी1.एक्झाम्पल.कॉम

तिरप्या रेघेआधीचा 'पोस्टग्रेस' हा सेवेचा प्रकार आहे, ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या पोस्टग्रेस नावाच्या युजरशी त्याचा संबंध नाही. क्लायंट मुळात हाच शब्द वापरतो. तुम्ही दुसरा ठेवलात तर प्रत्येक क्लायंटला केआरबीएसआरव्हीनेम हे सेटिंग द्यावं लागेल, तेव्हा ठेवू नका. 'रँडकी' म्हणजे पासवर्ड नाही, केडीसी स्वतःच यादृच्छिक किल्ली बनवतं.

केटीअ‍ॅड ही कमांड नावावरून वाटते तितकी गरीब नाही. ती असलेली किल्ली फाइलीत उतरवत नाही. ती दर वेळी नवी किल्ली बनवते, तिचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवते आणि मग फाइलीत लिहिते. समजा सोमवारी तुम्ही कीटॅब बनवून डीबी1 वर ठेवला, क्रमांक 2. मंगळवारी सहकाऱ्याने 'आपल्याकडेही एक प्रत असू द्यावी' म्हणून दुसऱ्या फाइलीत पुन्हा केटीअ‍ॅड केलं, क्रमांक 3. आता केडीसी क्रमांक 3 ची तिकिटं देतं आणि डीबी1 वरच्या फाइलीत फक्त 2 आहे. काहीही न बदलता लॉगिन बंद, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचं एकदम बंद होत नाही. ज्यांच्याकडे सोमवारचं तिकीट शिल्लक आहे त्यांचं ते संपेपर्यंत चालत राहतं, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतंय' हा वाद रंगतो. प्रत हवी असेल तर फाइल कॉपी करा. किल्ली न बदलता उतरवायचीच असेल तर '-नोरँडकी' आहे, ते केअ‍ॅडमिन.लोकल मध्ये चालतं. आयपीए-गेटकीटॅब सुद्धा किल्ली बदलतं, तिथे '-आर' ने असलेली किल्ली मिळते.

फाइल एससीपीने डीबी1 वर न्या, /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/केआरबी5.कीटॅब इथे ठेवा, केडीसीवरची प्रत पुसा. मालक पोस्टग्रेस, परवानगी 600. यंत्राचा सार्वत्रिक कीटॅब /ईटीसी/केआरबी5.कीटॅब इथे असतो, पण तो फक्त रूटला वाचता येतो आणि तसाच राहू द्यावा. पोस्टग्रेसला वेगळी फाइल हवी. ही परवानगी हलक्यात घेऊ नका. कीटॅब ज्याच्या हाती लागला तो त्या डेटाबेससाठी कोणत्याही माणसाच्या नावाचं खोटं तिकीट घरबसल्या बनवू शकतो, सुपरयुजरचंही, आणि केडीसीच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. ईमेलने पाठवायची ही फाइल नव्हे.

आत काय आहे ते बघा:

केलिस्ट -केटीई /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/केआरबी5.कीटॅब

नाव, क्रमांक, तारीख आणि एनक्रिप्शनचा प्रकार दिसेल. एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर घाबरू नका, प्रत्येक एनक्रिप्शन प्रकाराची एक किल्ली असते. एईएस असलं पाहिजे. डीईएस 2012 मध्ये आणि आरसी4 2018 मध्ये मानकांतून बाद ठरवले गेले आहेत.

पोस्टग्रेसची बाजू

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मध्ये एक ओळ:

केआरबी_सर्व्हर_कीफाइल = 'फाइल:/ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/केआरबी5.कीटॅब'

आता पीजी_एचबीए.कॉन्फ, म्हणजे कोण कुठून कोणत्या पद्धतीने आत येईल हे ठरवणारी फाइल. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. त्या ओळीवर लॉगिन फसलं तर पोस्टग्रेस पुढच्या ओळीकडे वळत नाही. म्हणून जुनी 'होस्ट ऑल ऑल' आणि पासवर्डची ओळ वर राहिली, तर खाली तुम्ही काहीही सुंदर लिहा, ते वाचलंच जात नाही. क्रम असा ठेवा:

लोकल ऑल पोस्टग्रेस पिअर
होस्टजीएसएसएन्क ऑल ऑल 192.0.2.0/24 जीएसएस इनक्लूड_रेल्म=1 केआरबी_रेल्म=एक्झाम्पल.कॉम मॅप=कर्ब

पहिली ओळ प्रशासकासाठी. पिअर म्हणजे यंत्रावरच्या युजरच्या नावावरच लॉगिन. केडीसी पडला, घड्याळ बिघडलं, काहीही झालं तरी यंत्रावर लॉगिन करून पोस्टग्रेस युजरने आत जाता आलं पाहिजे. ती काढण्याचा मोह होतो, काढू नका.

दुसऱ्या ओळीतलं जीएसएस म्हणजे कर्बेरॉसच्या तिकिटावर लॉगिन, आणि होस्टजीएसएसएन्क म्हणजे केवळ ओळखच नव्हे, तर पुढची सगळी वाहतूकही कर्बेरॉसनेच कूटबद्ध करणारी जोडणी. ही सोय आवृत्ती 12 पासून आहे. नुसतं 'होस्ट' लिहिलं तर लॉगिन तिकिटावर होईल, पण क्वेरी आणि डेटा उघड्यावर जाऊ शकतो. एसएसएल वापरायचंच असेल तर होस्टएसएसएल लिहून पद्धत जीएसएस ठेवता येते. एका जोडणीवर दोन्ही कूटबद्धता मात्र लागत नाहीत. रेप्लिकेशनसाठी वेगळी ओळ लागते, 'ऑल'मध्ये ते येत नाही.

इनक्लूड_रेल्म=1 हे 9.5 पासून मुळातच चालू असतं. म्हणजे पोस्टग्रेसला मिळणारं नाव 'आशा' नसून रेल्मसकट 'आशा@एक्झाम्पल.कॉम' असतं. इंटरनेटवर सगळीकडे सापडणारा सोपा सल्ला म्हणजे हे 0 करून टाका. एकच रेल्म असताना चालून जातं. पण उद्या दुसऱ्या रेल्मशी विश्वासाचं नातं जोडलं, की तिथली कोणीही आशा इथल्या आशाच्या नावाने आत येईल. रेल्म ठेवा आणि पीजी_आयडेंट.कॉन्फ मध्ये नकाशा लिहा:

कर्ब /^(.*)@एक्झाम्पल\.कॉम$ \1

पहिला रकाना नकाशाचं नाव, वरच्या 'मॅप=कर्ब'शी जुळणारं. दुसरा तिरप्या रेघेने सुरू होतो म्हणून तो नमुना मानला जातो. तिसऱ्यातला \1 म्हणजे कंसात पकडलेला भाग. टिंबाआधीची उलटी रेघ आणि शेवटचं डॉलर चिन्ह दोन्ही हवीत, नाहीतर मिळतंजुळतं भलतं रेल्मही नमुन्यात बसू शकतं. प्रत्येकाला स्वतःच्या नावाबरोबर एखादा सामायिक रोलही द्यायचा असेल, तर त्याच नकाशात आणखी ओळी टाकता येतात. मग आशाने '-यू अहवाल' लिहून जोडलं तरी चालतं.

रोल तयार करा:

क्रिएट रोल आशा लॉगिन;

पासवर्ड देऊ नका, तोच तर टाळायचा होता. मग 'सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ();' एवढं पुरतं, सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही. रीलोडनंतर पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू बघा. ओळीत चूक असेल तर तिथल्या एरर रकान्यात दिसते. ही सवय लावून घ्या, कारण चुकीची फाइल रीलोडच्या वेळी गुपचूप नाकारली जाते, जुनी चालू राहते आणि बोंब फक्त लॉगमध्ये असते.

पहिली जोडणी

लॅपटॉपवर:

केइनिट आशा
केलिस्ट
पीएसक्यूएल -एच डीबी1.एक्झाम्पल.कॉम -यू आशा -डी विक्री

'-एच' वगळलंत तर पीएसक्यूएल त्याच यंत्रावरच्या सॉकेटने जातं. डीबी1 वरच बसून चाचणी घेणारे इथे फसतात. लॉगिन होतं, आनंद होतो, पण ते पिअरने झालेलं असतं. तिकिटाचं लॉगिन टीसीपीवरच होतं. 'लोकलहोस्ट' लिहिलं तरी उपयोग नाही, कारण पोस्टग्रेस/लोकलहोस्ट नावाचा प्रिन्सिपल नसतो. '-यू' सुद्धा लिहा. ते नसलं तर पीएसक्यूएल तिकिटावरचं नाव न घेता लॅपटॉपच्या युजरचं नाव पाठवतं.

आत गेल्यावर खरंच तिकिटावर आलात का, याची खातरी:

सिलेक्ट * फ्रॉम पीजी_स्टॅट_जीएसएसएपीआय व्हेअर पीआयडी = पीजी_बॅकएंड_पीआयडी();

जीएसएस_ऑथेंटिकेटेड आणि एनक्रिप्टेड दोन्ही रकान्यांत 'टी' हवा आणि प्रिन्सिपलच्या रकान्यात रेल्मसकट नाव. बाहेर येऊन पुन्हा केलिस्ट केलंत तर आता दोन तिकिटं दिसतील, मूळ आणि पोस्टग्रेस/डीबी1 चं. दुसरं तिकीट दिसलंच नाही तर गाडी केडीसीपर्यंतच अडली आहे. तिकीट आहे पण लॉगिन नाही, तर बिघाड डीबी1 वर. हा एक भेद केला की शोध निम्म्यावर येतो.

काय बिघडतं

पीएसक्यूएलच्या पडद्यावर बहुधा 'जीएसएसएपीआय ऑथेंटिकेशन फेल्ड' एवढंच येतं. पोस्टग्रेस मुद्दाम जास्त सांगत नाही. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, तेव्हा आधी तिथे जा.

'सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस': क्लायंटने मागितलेलं नाव केडीसीत नाही. मागितलं कोणतं हे बघायला कमांडच्या आधी केआरबी5_ट्रेस=/डेव्ह/एसटीडीआउट लावून पीएसक्यूएल चालवा. पानभर मजकूर येईल. त्यात 'पोस्टग्रेस/' ने सुरू होणारं नाव शोधा आणि कीटॅबमधल्या नावाशी अक्षर लावून ताडून बघा. दहातल्या नऊ वेळा इथेच आखूड नाव, जुनं उलटं नाव नाहीतर टोपणनाव सापडेल.

'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री' आणि शेवटी 'नो एनक्रिप्शन': हा संदेश वाचून लोक पीजी_एचबीए उलटीपालटी करतात. फाइल ठीक असते. क्लायंटकडे तिकीट नाही किंवा संपलंय, त्यामुळे कर्बेरॉसची कूटबद्ध जोडणी झालीच नाही. क्लायंट साध्या जोडणीवर उतरला आणि होस्टजीएसएसएन्कची ओळ तिला लागू पडली नाही. सर्व्हरवर एसएसएल चालू असेल तर शेवटी 'एसएसएल एनक्रिप्शन' असे शब्द येतील, कारण तेच. फाइलीला हात लावण्याआधी केलिस्ट करा.

'नो मॅच इन यूजरमॅप': तिकीट बरोबर, कीटॅब बरोबर, नकाशा चुकला. लॉगच्या त्याच ओळीत मागितलेला रोल आणि तिकिटावरचं नाव दोन्ही छापलेली असतात. नकाशाच लावला नसेल तर शब्द वेगळे येतात, 'डू नॉट मॅच' असे, आणि एक नाव रेल्मसकट, दुसरं नुसतं दिसतं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही इथेच उघडा पडतो.

किल्लीचा क्रमांक सापडत नाही किंवा 'की टेबल एंट्री नॉट फाउंड': केटीअ‍ॅडची गोष्ट आठवा. लॅपटॉपवर 'केव्हीएनओ पोस्टग्रेस/डीबी1.एक्झाम्पल.कॉम' चालवा, केडीसीकडचा क्रमांक कळेल. डीबी1 वर केलिस्ट -केटीई ने फाइलीतला. जुळले नाहीत तर नवा कीटॅब न्या आणि लॅपटॉपवर केडिस्ट्रॉय करून पुन्हा केइनिट करा, कारण जुनं तिकीट अजून खिशात असतं. क्रमांक जुळत असतील तर फाइलीची परवानगी आणि केआरबी_सर्व्हर_कीफाइल मधला पत्ता तपासा. एसईलिनक्स चालू असलेल्या यंत्रावर फाइल दुसरीकडून हलवून आणली असेल तर 'रिस्टोरकॉन' करून बघा.

'प्रीऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे पासवर्ड चुकला. 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' म्हणजे घड्याळ. या दोघांवर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

रात्रीची कामं

माणूस केइनिट करतो, क्रॉनवरची बॅकअप स्क्रिप्ट करत नाही. तिला स्वतःचा प्रिन्सिपल आणि स्वतःचा कीटॅब द्या, आशाचा नको. समजा प्रिन्सिपल 'बॅकअप', रोलही त्याच नावाचा आणि अधिकार फक्त वाचण्याचे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला केआरबी5_क्लायंट_केटीनेम या चलात त्या कीटॅबचा पत्ता घाला, एमआयटी कर्बेरॉस 1.11 पासून लायब्ररी लागेल तसं तिकीट आपणच आणते आणि जुनं झालं की नवंही घेते. सोबत केआरबी5सीसीनेम ने तिकिटाच्या साठ्याची स्वतंत्र जागा द्या. नाहीतर क्रॉनची स्क्रिप्ट आणि त्याच युजरचं हाताने केलेलं केइनिट एकाच फाइलीत एकमेकांची तिकिटं पुसतात, आणि रात्री दोनला फसलेलं काम सकाळी हाताने चालवलं की व्यवस्थित चालतं.

आठवडाभर नूतनीकरण होणारी तिकिटं हवी असतील तर केडीसी.कॉन्फ मधली मर्यादा वाढवून भागत नाही. ही मर्यादा प्रत्येक प्रिन्सिपलमध्ये तो तयार होतानाच कोरली जाते, केआरबीटीजीटी या मूळ प्रिन्सिपलमध्येही. जुन्यांना 'मॉडप्रिंक -मॅक्सरिन्यूलाइफ' हाताने लावावं लागतं, आणि सगळ्यांतली सर्वांत छोटी मर्यादा लागू होते.

माणूस गेला, किल्ली जुनी झाली

आशाने नोकरी सोडली आणि तुम्ही केडीसीतून तिचा प्रिन्सिपल काढला, तरी तिच्याकडचं सेवेचं तिकीट मुदत संपेपर्यंत, वरच्या सेटिंगमध्ये 10 तासांपर्यंत, चालतं. पोस्टग्रेस केडीसीला विचारत नाही हे आठवत असेल, त्याचीच ही दुसरी बाजू. म्हणून त्याच वेळी 'ऑल्टर रोल आशा नोलॉगिन;' करा. आधीपासून उघडी असलेली जोडणी तेवढ्यानेही तुटत नाही, तिच्यासाठी पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरा.

सेवेची किल्ली बदलायची असेल तेव्हा केटीअ‍ॅड त्याच जुन्या फाइलीवर चालवा. नवी किल्ली जुनीच्या शेजारी जाऊन बसते, जुन्या क्रमांकाची तिकिटंही उघडत राहतात आणि कोणाचं काम अडत नाही. केडीसीवर फाइल बनवत असाल तर डीबी1 वरची फाइल आधी तिथे आणा, तिच्यावर केटीअ‍ॅड करा आणि लगेच परत ठेवा. मधल्या काही मिनिटांत नवी तिकिटं फसतात, तेव्हा वेळ शांत निवडा. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीच्या वेळी कीटॅब नव्याने वाचतं, रीलोडही लागत नाही. एक दिवस जाऊ द्या, जुनी तिकिटं मरतील, मग केअ‍ॅडमिनमधून जुन्या किल्ल्या काढा:

केटीरिमूव्ह -के /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/केआरबी5.कीटॅब पोस्टग्रेस/डीबी1.एक्झाम्पल.कॉम ओल्ड

त्यानंतर फाइलीचा मालक आणि 600 ही परवानगी पुन्हा एकदा बघून घ्या. रूटने बदललेली फाइल रूटच्या मालकीची होऊन बसली की पोस्टग्रेस ती वाचू शकत नाही, आणि लॉगमध्ये पुन्हा तोच 'की टेबल'चा संदेश येतो.